देवमाशाच्या पोटांतील बिऱ्हाडकरू

जंताच्या गोळ्या वांटण्याचा दिवस आमच्या शाळेंत मोठ्या गडबडीचा असतो. सरकारनें हा उपक्रम २०१५ सालीं आरंभिला, आणि एक वर्षाच्या बालकापासून एकोणीस वर्षांच्या तरुणापर्यंत सर्वांस शाळेंत किंवा अंगणवाडींत ही गोळी देतात. ती चावून खावयाची असते. गोळी पाहतांच तोंडें वांकडीं करणारे वीर प्रत्येक वर्गांत दोन-चार असतातच. गेल्या खेपेस साखरशेताकडून येणाऱ्या अशाच एका विद्यार्थ्यानें गोळी तळहातावर धरून आम्हांस विचारलें, "सर, देवमाशाला पण जंत होतात का? आणि होत असतील तर त्याला गोळी कोण देतं?"

वर्ग हंसला. विचारणारा मात्र हंसला नाहीं. किनाऱ्यावर येऊन पडलेल्या एका प्रचंड देवमाशाचें चित्र त्यानें आदल्याच आठवड्यांत कोणाच्या तरी मोबाईलवर पाहिलें होतें, आणि एवढें मोठें जनावर मरतें तें कशानें, हा विचार त्याच्या डोक्यांत घोळत होता. आम्हीं त्या वेळीं "होतात, होतात, तूं आधीं गोळी चाव" असें म्हणून वेळ मारून नेली, कारण खरें सांगावयाचें तर याहून अधिक आम्हांसहि ठाऊक नव्हतें. मागाहून कांहीं वाचन केलें, तेव्हां असें दिसून आलें कीं, मुलाचा प्रश्न हंसण्याजोगा तर नव्हताच, उलट त्याच्या उत्तरासाठीं कित्येक प्राणिशास्त्रज्ञांनीं आपलीं आयुष्यें खर्चिलीं आहेत. तें राहिलेलें उत्तर या पानांवर देत आहों.

देवमाशाच्या नांवांत मासा असला तरी तो मासा नव्हे, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थी जाणतातच. तो आपल्यासारखा फुप्फुसांनीं श्वास घेतो, त्याचें रक्त उष्ण असतें, आणि मादी पिलास दूध पाजते. डॉल्फिन हा त्याचाच लहान भाऊबंद. सुमारें पांच कोटि वर्षांपूर्वीं यांचे पूर्वज चार पायांनीं जमिनीवर हिंडत असत. त्या पूर्वजांची आणि त्यांच्या जवळच्या आप्तांची हाडें कच्छ, काश्मीर व आजचें पाकिस्तान येथील खडकांत सांपडलीं आहेत. म्हणजे देवमासा हा एका अर्थानें आपल्याच मुलखांतून समुद्रांत गेलेला प्राणी होय. रत्नागिरीच्या मत्स्यालयांत देवमाशाचा सांगाडा ठेविलेला आहे. तो पाहण्याचा योग आला तर त्याच्या पुढच्या कल्ल्यांकडे नीट पहावें. बाहेरून वल्ह्यासारखा दिसणारा तो अवयव आंतून पंजा आहे, हें तेथें डोळ्यांना दिसतें.

आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यास देवमासे अधूनमधून लागतात. २०१५ च्या जून महिन्यांत अलिबागजवळ रेवदंडा येथें सुमारें बेचाळीस फूट लांबीचा देवमासा जिवंत किनाऱ्यास लागला. त्यास खोल पाण्यांत लोटण्याची खटपट लोकांनीं केली, पण तो वांचला नाहीं. २०१६ च्या जानेवारींत मुंबईस जुहूच्या वाळूवर एक मृत देवमासा येऊन पडला, तेव्हां तो पाहण्यास जत्रा लोटली. २०२३ च्या नोव्हेंबरांत गणपतीपुळ्यास एक पिलूं किनाऱ्यास लागलें. त्यास ओढून समुद्रांत नेण्यासाठीं गांवकरी व अधिकारी रात्रंदिवस झटले, परंतु शेवटीं तेंहि दगावलें. असें झालें म्हणजे प्रत्येक वेळीं तोच प्रश्न निघतो कीं, हा मेला कशानें? जहाजाची धडक, जाळ्यांत गुरफटणें, उपासमार, मातेची ताटातूट, रोग, अशीं अनेक कारणें संभवतात, आणि रोगांमध्यें कृमींची गणना होते. वरील तीन प्राण्यांच्या मरणाशीं कृमींचा संबंध होता असें आमचें म्हणणें नाहीं. तें कळण्यास शवाची नीट चिकित्सा व्हावी लागते, आणि उन्हांत पडलेलें कित्येक टनांचें शव कांहीं तासांतच सडूं लागतें, ही त्यांतील मोठी अडचण आहे.

आतां परोपजीवी म्हणजे काय, हें समजण्यास समुद्रावर जावयास नको. आपल्या आंब्यावर किंवा मोहावर वाढलेलें बांडगूळ पहा. पानें त्याचीं स्वतःचीं, तीं हिरवींहि असतात. परंतु मुळें जमिनींत नसून झाडाच्या फांदींत शिरलेलीं असतात, आणि पाणी तें झाडाचें पितें. झाड हा यजमान, बांडगूळ हा फुकट्या पाहुणा. परंतु एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. झाड वठलें तर बांडगूळहि वठतें. म्हणून यजमानास लुटावें पण मारूं नये, हा या पाहुण्यांचा साधारण व्यवहार असतो. हा व्यवहार पाळला जातो कोठें आणि मोडतो कोठें, एवढ्यांतच आपल्या विषयाचें सगळें मर्म आहे.

देवमाशाच्या अंगावरच्या मंडळींपासून आरंभ करूं. मोठ्या देवमाशांच्या कातडीवर पांढऱ्या कवचांचे पुंजके दिसतात. समुद्रकांठच्या खडकांवर पायाला कापणारीं जीं धारदार कवचें चिकटलेलीं असतात, त्यांच्याच जातीचे हे प्राणी. हे देवमाशाचें कांहीं खात नाहींत. फक्त फुकट प्रवास करितात आणि वाहत्या पाण्यांतून आपलें अन्न टिपतात, म्हणून यांस परोपजीवी म्हणणें बरोबर नव्हे. पेनेला नांवाचा प्राणी मात्र खरा चोर. तो खेंकड्या-झिंग्यांच्या दूरच्या नात्यांतला. पण त्याची मादी आपलें डोकें देवमाशाच्या चरबींत खोल रोंवते आणि तिचें उरलेलें वीतभर शरीर दोरीसारखें बाहेर लोंबत राहतें.

याहून मनोरंजक म्हणजे देवमाशाच्या उवा. नांव उवांचें असलें तरी हे कीटक नव्हेत, तेहि झिंग्यांचेच आप्त. लांबी सुमारें बोटाच्या पेराएवढी किंवा त्याहून कमी, पायांना वांकडे आंकडे, आणि पोहण्याची शक्ति आयुष्याच्या कोणत्याहि अवस्थेंत नाहीं. हात सुटला कीं संपलें. म्हणून एका देवमाशावरून दुसऱ्यावर जाण्यास त्यांस एकच मार्ग असतो, तो म्हणजे अंगास अंग लागणें. मातेकडून पिलाकडे त्या अशाच जातात. यांतून शास्त्रज्ञांनीं एक नामी युक्ति काढली. राइट व्हेल नांवाचे देवमासे उत्तर अटलांटिकांत, उत्तर पॅसिफिकांत आणि दक्षिण गोलार्धांत राहतात, व दिसावयास सगळे सारखेच. हे एकमेकांपासून केव्हां वेगळे झाले? २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत देवमाशांऐवजीं त्यांच्या उवांची तपासणी केली, आणि त्या उवांच्या आनुवंशिक द्रव्यावरून असें ठरलें कीं, हे तीन कळप सुमारें पन्नास ते साठ लाख वर्षांपूर्वीं एकमेकांस अंतरले. उवांनीं आपल्या यजमानाच्या घराण्याचा इतिहास जपून ठेविला होता! आमच्या वर्गांत केंस विंचरण्याचा कंटाळा करणाऱ्यांनीं यावरून भलताच बोध घेऊं नये.

आतां पोटांत शिरूं. आपल्या मुलांच्या आंतड्यांत होणारा लांबट, गोल, पांढुरका जंत पालकांनीं पाहिलेला असतो. त्याच्याच गोतांतील एक कृमि देवमाशांच्या व डॉल्फिनांच्या जठरांत राहतो; त्यास ॲनिसाकिस असें नांव आहे. दोघांचें कुळ एकच. एकानें माणसाचें पोट धरिलें, दुसऱ्यानें देवमाशाचें. हे कृमि पुष्कळदां घोळक्यानें राहतात, आपलीं डोकीं जठराच्या भिंतींत खुपसून ठेवितात, आणि त्या जागीं व्रण पडतात. एका डॉल्फिनाच्या जठरांत असे शेंकडों कृमि आढळणें ही कांहीं विशेष गोष्ट नाहीं. भरपूर खाणारा निरोगी प्राणी तें सहन करतो.

परंतु माणसाच्या जंताचा प्रवास आणि या जंताचा प्रवास यांत मोठें अंतर आहे. आपल्या जंताचें अंडें विष्ठेवाटे मातींत पडतें, तेथें कांहीं दिवस पिकतें, आणि न धुतलेल्या हातांवरून किंवा भाजीपाल्यावरून पुन्हां मुलाच्या तोंडांत जातें. वाटेंत दुसरा प्राणी नाहीं. ॲनिसाकिसचें अंडें समुद्रांत पडतें. त्यांतून निघालेली सूक्ष्म अळी झिंग्यासारखा एखादा लहान कवचधारी प्राणी गिळतो. आपल्या बाजारांत सुका जवळा मिळतो, तो पाहिला म्हणजे अशा प्राण्यांच्या आकाराची कल्पना येईल. त्या प्राण्यास बांगडा किंवा माकूल खातो. त्या माशास आणखी मोठा मासा खातो. अळी मात्र मरत नाहीं, एका पोटांतून दुसऱ्या पोटांत जाऊन वाट पाहत बसते. शेवटीं तो मासा डॉल्फिनाच्या किंवा देवमाशाच्या पोटांत गेला म्हणजे तिचें घर आलें. तेथें ती वाढते, तेथेंच तिचा संसार होतो, आणि पुन्हां अंडीं समुद्रांत पडतात. लाखों अंड्यांतून एखादेंच हा प्रवास पुरा करीत असेल.

या प्रवासांत कधीं कधीं माणूस आडवा येतो. हॉलंडांत हलकेंच मीठ लावलेले कच्चे हेरिंग मासे खाण्याची आवड फार. तेथें पोटांत भयंकर कळा येऊन आलेल्या रोग्यांच्या आंतड्यांत ही अळी सांपडल्याचें १९६० सालीं प्रसिद्ध झालें. बिचारी अळी चुकीच्या घरीं आलेली असते. माणसाच्या पोटांत ती वाढूं शकत नाहीं, पण मरण्यापूर्वीं आंतड्याची भिंत पोंखरण्याचा प्रयत्न करिते. १९६८ मध्यें हॉलंडच्या सरकारनें असे मासे आधीं गोठविल्याशिवाय विकूं नयेत असा नियम केला, आणि रोग जवळजवळ नाहींसा झाला. जपानांत कच्ची मासळी खाण्याचा रिवाज असल्यामुळें तेथें हा रोग अद्यापि होतो. आपल्या घरीं मासळी रटरट शिजवून किंवा तव्यावर चांगली भाजून खातात; तेवढ्या आंचेंत ही अळी जिवंत राहत नाहीं. म्हणून पालकांनीं हा लेख वाचून बोंबील टाकून देण्याचें कारण नाहीं.

जठरांतले बिऱ्हाडकरू त्या मानानें सभ्य म्हणावयाचे. फुप्फुसांतले तसे नाहींत. डॉल्फिनांच्या श्वासनलिकांत केंसासारखे बारीक कृमि होतात; ते पुष्कळ झाले कीं श्वास कोंडतो, आणि पुढें फुप्फुसदाह होतो. पाण्याखालीं श्वास रोखून भक्ष्य पकडणाऱ्या प्राण्यास याचा अर्थ काय, तें सांगावयास नको. आश्चर्य असें कीं, अमेरिकेंत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर मेलेल्या नवजात डॉल्फिनांतहि हे कृमि आढळले. ज्या पिलानें अजून एकहि मासा खाल्ला नाहीं, त्याच्या फुप्फुसांत कृमि आले कोठून? मातेच्या उदरांत असतांनाच ते त्यास मिळाले असले पाहिजेत, असें अनुमान निघालें. या फुप्फुसकृमींचे नातलग जमिनीवरच्या मांसाहारी प्राण्यांत आहेत. त्यावरून कित्येकांचा असा तर्क आहे कीं, देवमाशांचे पूर्वज जमीन सोडून निघाले तेव्हां हे बिऱ्हाडकरूहि त्यांच्याबरोबर निघाले. दुसरे म्हणतात, ते मागाहून सीलसारख्या प्राण्यांकडून आले. हा वाद अजून मिटलेला नाहीं.

मूत्रपिंडांत राहणारा क्रॅसिकॉडा नांवाचा कृमि याहून क्रूर. १९८६ सालीं उत्तर अटलांटिकांतील फिन व्हेल जातीच्या देवमाशांविषयीं जें संशोधन प्रसिद्ध झालें, त्यांत तपासलेल्या बहुतेक सर्व प्राण्यांत हा सांपडला. कित्येक फूट लांबीचे कृमि मूत्रपिंडांत गुंतून बसतात, त्यांचीं शेपटाकडील टोकें मूत्रमार्गांत असतात, आणि अंडीं मूत्रावाटे बाहेर जातात. रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात, आणि त्यामुळें पिलें विशेषतः दगावत असावींत असें संशोधकाचें मत पडलें. याच कृमीची एक जात डॉल्फिन मादीच्या स्तनांत शिरते व तिचें दूध तोडते. येथें यजमान मरत नाहीं, पण त्याचा वंश मात्र खुंटतो.

केवळ आकाराचें नवल वाटत असेल त्यांच्यासाठीं दोन आंकडे देतों. स्पर्म व्हेल हा दांतांचा देवमासा. ज्याच्या आंतड्यांत तयार होणाऱ्या 'अंबर' या सुगंधी पदार्थाच्या चोरट्या व्यापाराच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात, तोच हा. याच्या मादीच्या वारेंत सांपडलेल्या एका गोल कृमीचें वर्णन १९५१ सालीं एका रशियन शास्त्रज्ञानें केलें. त्याची मादी सुमारें साडेआठ मीटर लांब होती. आमच्या वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तो पुरून उरला असता! याच देवमाशाच्या आंतड्यांत तीस मीटरपर्यंत लांबीचे पट्टकृमि नोंदलेले आहेत. माणसाच्या पोटांतला गोल जंत वीतभर, दीड वीतभर असतो. मोठ्या घरचे पाहुणेहि मोठे.

आतां त्या मुलाच्या प्रश्नांतील गाभ्याकडे येऊं. हे कृमि देवमाशास मारतात काय? येथें घाई करणें धोक्याचें. मेलेल्या डॉल्फिनाचें पोट फाडलें आणि त्यांत कृमि दिसले, म्हणून तो कृमींनीं मेला असें ठरत नाहीं. कारण जिवंत, धडधाकट डॉल्फिनाचें पोट फाडून पाहिलें असतें तर तेथेंहि ते दिसलेच असते. आपण मोहाचें झाड पडलेलें पाहतों, त्यावर बांडगूळ असतें. पण झाड पाडणारा वारा असूं शकतो, वाळवी असूं शकते, कुऱ्हाडहि असूं शकते. बहुतेक वेळां क्रम उलटा असतो. प्राणी आधीं कांहीं अन्य कारणानें क्षीण होतो, आणि मग आजवर निमूट राहिलेले कृमि शिरजोर होतात.

तरी कांहीं वेळां पुरावा स्पष्ट मिळतो. डॉल्फिनाच्या डोक्यांतील हवेच्या पोकळ्यांत पानाच्या आकाराचा एक चपटा कृमि राहतो. तेथें असेपर्यंत त्याचा फारसा उपद्रव नाहीं. पण तो वाट चुकून मेंदूंत शिरला कीं अनर्थ होतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यास लागलेल्या डॉल्फिनांचे मेंदू तपासतां त्यांत या कृमीचीं अंडीं व कुजलेले भाग आढळले, असें १९७२ सालीं प्रसिद्ध झालें. डॉल्फिन आपल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतो. ज्याच्या मेंदूचाच नाश झाला, तो दिशा चुकून वाळूवर चढला तर नवल नाहीं. येथें पाहुण्यानें व्यवहार मोडला, आणि यजमानाबरोबर स्वतःहि बुडाला.

आपल्या देशांत या विषयाचा आरंभ नदींतून झाला हें पुष्कळांस ठाऊक नसेल. गंगेंत राहणारा डॉल्फिन, ज्यास २००९ सालीं राष्ट्रीय जलचर ठरविण्यांत आलें, त्याच्या शरीरांतील चपटे कृमि कलकत्त्याच्या संग्रहालयाचे प्रमुख डॉ. जॉन अँडरसन यांनीं जमविले, व लंडनचे कृमिशास्त्रज्ञ कॉबोल्ड यांनीं १८७६ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतील एका कृमीस अँडरसन यांचेंच नांव मिळालें. मनुष्याचें नांव कृमीस देणें हा शास्त्रांत मान समजतात. आपल्याकडे कोणी तो मान घेईल कीं नाहीं, शंका आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, समुद्रांतल्या या गोष्टींशीं डोंगरांतल्या आपला संबंध काय? दोन प्रकारें आहे. पहिला नारूचा. आमच्या वयाच्या पालकांनीं नारूचें नांव ऐकलें आहे. त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं तो डोळ्यांनीं पाहिला असेल. पायऱ्यांच्या विहिरींत किंवा उघड्या तळ्यांत सायक्लॉप नांवाचा कणाएवढा कवचधारी प्राणी असतो. त्याच्या पोटांत नारूची अळी, आणि तें पाणी न गाळतां प्यालेल्या माणसाच्या पोटांत तो प्राणी. वर्षभरानें हात-दीड हात लांबीचा कृमि पायांतून फोड फोडून बाहेर येई, आणि त्यास काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळावें लागे. दुखऱ्या पायाला गारवा मिळावा म्हणून रोगी विहिरीच्या पायऱ्या उतरे, कीं लगेच हजारों अळ्या पुन्हां पाण्यांत. देवमाशाच्या कृमीची आणि नारूची वाट किती सारखी आहे पहा! दोन्हींकडे पहिला वाहक पाण्यांतला एक क्षुद्र कवचधारी प्राणी. नारू असलेल्या सात राज्यांत आपला महाराष्ट्रहि होता. त्यावर कांहीं जालीम औषध निघालें नाहीं, लसहि नाहीं. पाणी फडक्यानें गाळलें, पायऱ्यांच्या विहिरींच्या जागीं पंप आले, रोग्यास पाण्यांत पाय घालूं दिला नाहीं, आणि सांखळीची एक कडी तुटली. देशांतील शेवटचा रोगी १९९६ सालीं नोंदला गेला, व २००० च्या फेब्रुवारींत भारत नारूमुक्त ठरला. समुद्रास फडकें लावतां येत नाहीं, म्हणून देवमाशाची सांखळी तशीच चालते.

दुसरा संबंध याहून विचार करण्याजोगा आहे. न्यूझीलंडच्या किनाऱ्यालगत हेक्टर नांवाचे लहानसे डॉल्फिन राहतात. त्यांची संख्या थोडी उरली आहे. तेथील पशुवैद्यांनीं मेलेल्या अठ्ठावीस डॉल्फिनांची तपासणी केली, तेव्हां त्यांतील सात टॉक्सोप्लाझ्मा नांवाच्या एकपेशीय परोपजीवीमुळें मेल्याचें ठरलें. हें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. आतां या परोपजीवीची गंमत अशी कीं, त्याचीं टिकाऊ अंडीं तयार होतात तीं फक्त मांजराच्या कुळांतील प्राण्यांच्या आंतड्यांत. मांजर आणि डॉल्फिन यांची गांठ पडते कोठें? मांजर मातींत विष्ठा करितें. त्यांतील लक्षावधि अंडीं ओल्या मातींत महिनोन्महिने तग धरतात. पाऊस तीं ओढ्यांत नेतो, ओढा नदींत, नदी समुद्रांत. डोंगरांतल्या मांजरानें किनाऱ्यावरचा डॉल्फिन मारावा, आणि दोघांनीं एकमेकांस जन्मांत पाहिलेलेंहि नसावें!

साखरशेतावरून समुद्र दिसत नाहीं. परंतु जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांवर पडणारा पुष्कळसा पाऊस सूर्या आणि पिंजाळ या नद्यांवाटे वैतरणेस मिळतो, आणि वैतरणा अर्नाळ्याजवळ अरबी समुद्रास मिळते. पाठीवर कुबडासारखा उंचवटा असलेले डॉल्फिन आपल्या किनाऱ्यालगत खाड्यांच्या मुखांशीं वावरतात. कामासाठीं वसई-डहाणूच्या बाजूस जाणाऱ्या, होडीवर खपणाऱ्या आपल्या पालकांपैकीं कित्येकांनीं ते उसळ्या घेतांना पाहिले असतील. त्यांना कोणता रोग आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्या ओढ्याचें पाणी त्यांच्या दारांत जातें, एवढेंच सांगतों. घरांतील मांजर हांकलून देण्याचें यांत कांहीं कारण नाहीं. त्याची घाण उघड्यावर किंवा ओढ्याकांठीं न पडतां पुरली जावी, ती काढल्यावर हात साबणानें धुवावे, आणि घरांत गर्भवती स्त्री असेल तर तें काम तिच्याकडे देऊं नये. कारण हा परोपजीवी गर्भास बाधूं शकतो.

राहतां राहिला प्रश्नाचा दुसरा भाग, कीं देवमाशास गोळी कोण देतो. मोकळ्या समुद्रांत कोणीहि नाहीं. जेथें डॉल्फिन माणसांनीं पाळून ठेविले आहेत तेथें पशुवैद्य मेलेल्या माशाच्या कल्ल्यांत गोळी लपवितो आणि तो मासा डॉल्फिनास भरवितो. ही युक्ति आम्हीं त्या विद्यार्थ्यास सांगितली, तेव्हां त्यानें आपल्यासहि गोळी बोंबिलांतून मिळावी अशी मागणी केली. ती मान्य झाली नाहीं.

पावसाळा सरल्यावर आम्हीं प्रयोगशाळेंतील सूक्ष्मदर्शक यंत्र खिडकीजवळ मांडलें. हा विद्यार्थी साखरशेताच्या बाजूच्या एका डबक्यांतील पाणी औषधाच्या रिकाम्या बाटलींत भरून घेऊन आला. थेंबांत दोन सायक्लॉप होते; कपाळावर एकच तांबडा डोळा, आणि एकीच्या शेपटाशीं दोन्ही बाजूंस अंड्यांच्या पिशव्या. सगळा वर्ग पाहून गेला तरी तो यंत्रापाशींच उभा होता. मग मान वर करून म्हणाला, "सर, हिच्या पोटात पण कोणी असेल का?" आम्हीं अधिक शक्तीचें भिंग फिरवून लाविलें, पण तोंवर थेंब वाळत आला होता, तेव्हां तो दुसरा थेंब घालण्यास बाटली आणावयास गेला.